रघु केण्यांचं मिठाचं माप

रघु केणे हा काही जन्माचा घाबरट माणूस नव्हे. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत एकदा धामण निघाली, तेव्हा सगळा स्टाफ टेबलांवर चढून बसला होता आणि रघुने तिला शेपटीला धरून खाडीच्या बाजूला सोडून दिलं होतं. नंतर हात धुऊन सगळ्यांना चहाही केला. असा हा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी एका लाकडी भांड्याला घाबरत होता. आजचं नाही, वीस वर्षं घाबरत होता. आणि हे त्याच्या बायकोला, तुळसालाही, ठाऊक नव्हतं.

हे संग्रहालय कल्याणला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. एका ट्रस्टचं. खालच्या मजल्यावर इतिहास, वरच्या मजल्यावर विज्ञान. खाली वीरगळ, नाणी, गलबतांचे छोटे नमुने, मिठागरांवरच्या वस्तू. वर हाडांचा सांगाडा, फिरवलं की दिवा लागणारं चाक, बाटल्यांत ठेवलेले साप. शाळांच्या सहली आल्या की मुलं खालून पाच मिनिटांत वर पळत, आणि रघु त्यांना परत खाली हाकून आणी. तीस वर्षं तो हेच करत होता. पगारपत्रकावर तो शिपाई, पण मुलांना वाटे केणे काकाच मालक. तोही तो गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नसे. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठच्या गावातलं त्याचं घर. बाप मिठागरावर राबला, आई राबली, आणि पोरगा पंख्याखाली बसून त्याच मिठागराच्या गोष्टी सांगायच्या नोकरीला लागला, याचं त्याला मनातून फार अप्रूप होतं.

पुढच्या मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता. अजून आठ महिने तेवढे निघाले असते की सुटलो, असा त्याचा हिशेब. तेवढ्यात ट्रस्टने नूतनीकरण काढलं.

नूतनीकरणाच्या गप्पा रघुने याआधीही ऐकल्या होत्या. दर चार वर्षांनी कोणीतरी यायचं, भिंतीवर टकटक करायचं, 'ओल आहे' म्हणून निघून जायचं. या वेळी मात्र ऋजुता आली. तिशीची, बारीक, पायात स्पोर्ट्स शूज, नेमणूक झालेल्या कंपनीची मुख्य आखणीकार. तिने भिंतीवर टकटक केलीच नाही. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "केणे काका, आधी आपण एकेक वस्तू बघू. कुठून आली, कोणी दिली, खरी की नक्कल. बिल्डिंग नंतर."

रघुने कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. "सगळ्या, मॅडम?"

"सगळ्या. चारशे बारा."

तीनशे अकरा नंबरची वस्तू कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत होती. तिच्याखाली पाटी होती: 'मिठाचे माप. एकसंध लाकडातून कोरलेले. अंदाजे दोनशे वर्षांपूर्वीचे.' पाटी खरी होती. माप खोटं होतं. ते माप नव्हतंच मुळी. ती रघुच्या आईची भाकऱ्यांचं पीठ मळायची काठवट होती.

हे कसं झालं ते सांगायला दोन हजार पाचच्या जुलैत जावं लागेल. त्या पुरात संग्रहालयात छातीएवढं पाणी शिरलं. त्या दिवशी आत एकटा रघु होता. जमेल तेवढं त्याने वर नेलं, आणि पाणी चढतच चाललं तेव्हा भिंत कोसळू नये म्हणून मागचं दार उघडून दिलं. त्या दारातून पाण्याबरोबर काहीतरी गोल, काळं, डुलत बाहेर गेलं. त्याला वाटलं शेजारच्यांचं घमेलं असेल.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. क्युरेटर निजसुरे सर त्या वेळी पुण्याला, हृदयाचं ऑपरेशन होऊन नुकतेच शुद्धीवर आलेले. त्यांनी दवाखान्यातून फोन केला. आवाज इतका बारीक की रघुला रडू यायचं बाकी राहिलं. "रघु, वस्तू सगळ्या आहेत ना रे?"

आणि रघु म्हणाला, "हो सर. सगळ्या आहेत. तुम्ही काळजी नका करू."

आजारी माणसाला दुसरं काय सांगणार? फोन ठेवला आणि मग तो मोजायला लागला. कोपऱ्यातली पेटी फुटलेली, पाटी भिंतीला तशीच, आणि माप नाही. तेव्हा त्याला ते घमेलं आठवलं.

लगेच परत फोन करून खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याच वर्षी जानेवारीत पितळेची एक समई सापडेना म्हणून वॉचमन साईनाथला चौकीत तीन दिवस बसवलं होतं. समई नंतर ऑफिसच्या कपाटातच सापडली. कोणीतरी पुसायला म्हणून काढून आत ठेवली होती. साईनाथची माफी मागितली, त्याला परत बोलावलं, पण तो आला नाही. त्याच्या चाळीत त्याचं नाव समईचोर पडलं ते पडलंच. रघुने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता आपण सांगणार की माप पाण्यात गेलं, आणि कोणी पाहिलं म्हणून विचारलं तर म्हणणार, मी एकट्याने. मग विचारतील, आधी 'सगळं आहे' म्हणालास, आता नाही म्हणतोस?

त्या आठवड्यात तो घरून काठवट घेऊन आला. जुन्या लुगड्यात गुंडाळून. त्यांची काठवट इतरांपेक्षा खोल होती, एकसंध लाकडाची, वापरून वापरून काळी पडलेली, बरीचशी त्या मापासारखीच. आईला सांगितलं, अंगणात वाळत ठेवलेली, पुराने नेली. आणि इथवर ठीक होतं, म्हणजे ठीक नव्हतं, पण निदान घाईत झालेली चूक म्हणता आली असती. पुढे त्याने जे केलं त्याला तो स्वतःही चूक म्हणू शकत नव्हता. त्याने तीन किलो मीठ आणलं, गच्चीवरच्या ड्रममध्ये पाण्यात विरघळवलं, आणि काठवट चार दिवस त्यात बुडवून ठेवली. मिठाच्या मापाला मिठाचा वास नको?

सर महिन्याने आले. मापावर हात ठेवून म्हणाले, "हे वाचलं, फार बरं झालं." चार वर्षांनी ते गेले. वस्तूंची नोंदवही पुरात लगदा झाली होती. मापाचा फोटो कोणी कधी काढला नव्हता. जगात ते खोटं जाणणारा एकटा रघु उरला, आणि काचेपलीकडून ती काठवट रोज त्याच्याकडे बघत राहिली.

ऑगस्टमध्ये ऋजुताने ट्रस्टींसमोर आराखडा मांडला. पडद्यावर नवं संग्रहालय फिरायला लागलं. खाली इतिहास आणि वर विज्ञान हा प्रकारच ती मोडीत काढणार होती. "मुलं वर का पळतात? कारण खाली त्यांना हात लावायला काही नाही," ती म्हणाली. "आपण दोन्ही एकत्र करू. आणि एकत्र करणारी गोष्ट या मातीतच आहे. मीठ. समुद्राचं पाणी, ऊन, वारा, स्फटिक, हे विज्ञान. आणि ते पिकवणारी माणसं, हा इतिहास."

ट्रस्टी माना डोलवत होते. रघु दाराशी उभा राहून ऐकत होता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही आवडलं. कोणीतरी बापाच्या कामाला इतिहास म्हटलं होतं. मग पडदा फिरला. मधोमध एक गोल दालन, वरून प्रकाश पडलेला, आणि त्या प्रकाशात चौथऱ्यावर एकटी ठेवलेली काठवट. रघुला एकदम खाली बसावंसं वाटलं आणि तो बसलाही, पाहुण्यांच्या खुर्चीत.

"प्रवेशद्वारावर याचीच मोठी प्रतिकृती," ऋजुता सांगत होती. "बोधचिन्हही हेच. फक्त आधी खात्री करून घेऊ. परवा चाचणी आहे."

ते दोन दिवस रघुला अन्न गोड लागलं नाही. चाचणी म्हणजे काय, हे त्याने कोणाला विचारलं नाही. विचारलं तर का विचारतोस म्हणतील. त्याच्या डोक्यात एकच: फटीत पीठ निघणार. आईने चाळीस वर्षं त्यात तांदळाचं पीठ मळलं होतं. चार दिवसांच्या मिठाने ते थोडंच जाणार? तुळसाने विचारलं, "तब्येत बरी नाय का?" तो म्हणाला, "ॲसिडिटी."

राजरत्न नावाचा रसायनशास्त्राचा तरुण प्राध्यापक आला. त्याने ओल्या कापसाने काठवट आतून पुसली, तो कापूस स्वच्छ पाण्यात बुडवला आणि ते पाणी काचेच्या नळीत घेतलं. "यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. मीठ असेल तर पाणी दुधासारखं होणार. वरच्या मजल्यावर मुलांना तुम्हीच दाखवता ना हा प्रयोग, काका?"

"हो," रघु म्हणाला.

थेंब पडला. नळी पांढरीफटक झाली. राजरत्नने शीळ घातली, ऋजुताने टाळी वाजवली. "नुसतं असल्यासारखं नाही," राजरत्न म्हणाला, "भरपूर आहे. लाकडात मुरलंय."

रघुने आयुष्यात स्वतःच्या लबाडीचं असं कौतुक होताना ऐकलं नव्हतं. आता ही फक्त त्याची भीती राहिली नव्हती. त्याच्या तीन किलो मिठावर कोट्यवधींची इमारत उभी राहणार होती, आणि उद्या कधी खरं बाहेर आलं तर ती सगळी त्याच्या नावावर कोसळणार होती. लोक म्हणतील, खरं माप विकलं, त्या जागी खोटं ठेवलं, वर मिठात भिजवलं. एवढी तयारी चोराशिवाय कोण करतं?

मग ऋजुताने शेवटची गोष्ट काढली. जुन्या मिठागर-कामगारांना बोलवायचं, माप दाखवायचं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात घ्यायच्या. ती स्वतः गावोगाव फिरली. यादी छापून आली ती रघुच्याच हातात, झेरॉक्स काढायला. अकरा नावं होती. सातवं: आवडाबाई केणे, वय ८२.

"मॅडम, ही माझी आई," तो म्हणाला. "हिला आता काही आठवत नाही. उगाच त्रास तिला."

ऋजुता हसली. "काका, मी तीन दिवसांपूर्वी भेटले त्यांना. तुम्ही ड्युटीवर होतात. एक तास बोलल्या. मुकादमाच्या बायकोचं नावसुद्धा सांगितलं."

आई कधी संग्रहालयात आली नव्हती. तिच्या लेखी तिथे नुसते दगड: 'दगरा बघायला कोन जाईल,' म्हणायची. आता ती येणार होती आणि काठवटीसमोर उभी राहणार होती. बाई आपली काठवट ओळखणार नाही, असं कुठे होतं का? रघुने तिला सांगून टाकायचं ठरवलं, रोज सकाळी ठरवलं, आणि रोज तिच्यासमोर गेला की पाण्याची बाटली भरून परत आला. बापाचं नाव गावात अजून घेतात. केण्यांच्या घरात खोटं नाही, असं म्हणतात. आईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

शनिवारी सकाळी दहाला बस आली. अकरा म्हातारी माणसं उतरली. आवडाबाईंनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यात अबोलीची वेणी. रघु पुढे होऊन हात द्यायला गेला तर त्या म्हणाल्या, "मना चालता येतं."

पेटीची काच काढली होती. समोर मोबाइल स्टँडला लावलेला. एकेक जण येऊन बघत होता. पहिल्या सहाही जणांनी असं माप कधी पाहिलं नसल्याचं सांगितलं, त्यांच्या वेळी पत्र्याचे डबे होते. ऋजुताचा चेहरा जरा उतरला. रघु भिंतीला टेकून उभा होता.

आवडाबाई आल्या. त्यांनी आधी लांबून पाहिलं. मग जवळ जाऊन कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी कड तुटली होती, तिथे अंगठा थांबला. त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, रघुकडे. फार वेळ नाही. भाकरी उलटायला लागतो तेवढाच.

"आजी, ओळखता का हे?" ऋजुताने विचारलं.

"वलखते ना," आवडाबाई म्हणाल्या. "मिठाचा माप हाय."

आणि त्या बोलायला लागल्या. बायका मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावर कशा चढत, पायांना चिरा पडून त्यात खारं पाणी कसं झोंबे, मुकादम माप कसं भरी. "आमच्याकरून घ्यायचा तवा माप शिगेवर. शीग म्हंजे वर डोंगर होईस्तवर. नि आमाला द्यायचा तवा वरून फली फिरवायचा, सपाट. तोच माप, तोच मुकादम." ऋजुता लिहायचं विसरून ऐकत होती. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं ते फक्त त्यांच्या हाताखालचं लाकूड.

"आजी," ऋजुता म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते, "दालनात बटण दाबलं की तुमचा हाच आवाज ऐकू येईल. रोज. शाळेच्या मुलांना."

"चांगला हाय," आवडाबाई म्हणाल्या.

रघु वाचला होता. उरलेले महिने काय, आता त्याला कोणी आयुष्यभर पकडू शकत नव्हतं. त्याने भिंतीपासून पाठ सोडवली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काहीच वाटलं नाही. उलट भीती वाढली, आणि आता कशाची, हेच कळेना.

परतीची बस गावाच्या कमानीशी थांबली, टॉवरांमधल्या गल्लीतून दोघं चालत घरी आली. तुळसा बाजारात गेली होती. आवडाबाईंनी लुगडं बदललं, सूप घेतलं आणि ओटीवर बसून सुका जवळा निवडायला लागल्या. रघु समोर उभा. शब्द जुळवत होता.

आवडाबाईच आधी बोलल्या. खाली बघूनच, हळू आवाजात, शेजारी ऐकू नये म्हणून.

"रघ्या, खरा माप कोनाला इकलास?"

रघुला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. लोक काय म्हणतील, ट्रस्टी काय म्हणतील, पोलीस काय म्हणतील, हे सगळं त्याने वीस वर्षं मनात घोळवलं होतं. आई काय म्हणेल याची भीती होती, ती तिच्या रागाची. तिच्या मनात हा शब्द येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"आये, इकला नाय," तो म्हणाला. "पुरात गेला. मीच दार उघरला, त्यातून गेला." आणि मग त्याने सगळं सांगितलं. सरांचा फोन, साईनाथ, लुगडं, ड्रम, तीन किलो मीठ. सांगता सांगता त्यालाच ऐकू यायला लागलं की हे किती रचल्यासारखं वाटतंय. मीठ आलं तिथे त्याचा आवाज फाटला.

आवडाबाई जवळ्यातला कचरा काढत राहिल्या. "बरं," त्या म्हणाल्या.

हे 'बरं' रघु ओळखून होता. काठवट पुराने नेली म्हणून सांगितलं तेव्हाही त्या 'बरं'च म्हणाल्या होत्या, आणि त्या पुराचं पाणी त्यांच्या अंगणाला लागलंही नव्हतं.

"तुजा बाप सगला जलम मिठात रायला," त्या म्हणाल्या, "पन चिमूट मीठ कदी घरी आनला नाय. जाला ता जाला. मी बोलले ना माप हाय म्हनून. आता तू कोनाला काय सांगू नको."

म्हणजे आईने चोर पोराला पाठीशी घातलं होतं. ब्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलली ती, तेही सगळ्यांसमोर, आणि ते खोटं आता बटण दाबलं की रोज वाजणार होतं. तिचा आवाज तिच्यानंतरही मुलांना सांगत राहणार, आणि ती मात्र मनात हेच धरून जाणार की पोराने माप विकलं. कितीही शपथा घेतल्या तरी ती 'बरं' म्हणेल. ज्याला लपवून फायदा आहे त्याच्या शपथेला काय किंमत? त्याने बोलून स्वतःचं नुकसान केलं, तरच ती ऐकेल.

हे कळलं आणि त्याला खरोखरची भीती वाटली. उरलेले महिने, पेन्शन, साईनाथचा चेहरा, त्याला समईचोर म्हणणारी चाळीतली पोरं, सगळं एकदम समोर आलं. खिशातून मोबाइल काढून त्याने ऋजुताला फोन केला. स्पीकर लावला.

"बोला काका," ऋजुताचा आवाज ओटीवर घुमला. "आजींनी काय धमाल केली आज."

"मॅडम, ते माप नाहीये," रघु म्हणाला. "ती आमच्या घरची काठवट आहे. पुरानंतर मी ठेवली तिथे. मीठ पण मीच मुरवलेलं. आईने मला वाचवायला सांगितलं तसं. तिचं रेकॉर्डिंग वापरू नका."



"मग मूळ माप कुठे आहे?" तिने विचारलं. आवाज तोच होता, पण त्यातला 'काका' गेला होता.

"वाहून गेलं."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. मी एकटाच होतो."

"केणे, मला हे ट्रस्टला लेखी कळवावं लागेल. सोमवारीच. ते पोलिसांत जातील की नाही, मी सांगू शकत नाही. तुम्हाला कळतंय ना काय बोलताय ते?"

"कळतंय," रघु म्हणाला. "कळवा."

फोन बंद झाला. आईकडे बघायची रघुची हिंमत होईना. सुपातला आवाज थांबला होता, एवढंच त्याला कळलं.

आवडाबाईंनी सूप बाजूला सरकवलं आणि ओटीवर हाताने जागा पुसली.

"उबा का रायलास," त्या म्हणाल्या. "बस."